कानामागची तारीख

गोंदिया जिल्ह्यात वाकड्या तोंडाचं किंवा अर्धवट कानाचं मूल जन्माला आलं की आरोपी आधीच ठरलेले असतात. पहिली आई. ग्रहणात बाहेर निघाली असेल, काहीतरी चिरलं असेल, शिवलं असेल. दुसरा डॉक्टर. चिमटा लावला, ओढलं, नस दाबली. तिसरी सोनोग्राफी करणारी. एवढे पैसे घेतले, पडद्यावर बाळ दाखवलं, मग कान कसा दिसला नाही? मी रेडिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे या यादीतली तिसरी आरोपी मीच. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते तटस्थ साक्षीदाराचं म्हणणं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

माझं निम्मं काम तारखांचं. गरोदर बाई टेबलावर झोपली की पहिला प्रश्न शेवटच्या पाळीचा. मग सोनोग्राफीसाठी कायद्यानं भरावा लागणारा फॉर्म एफ, सही, आठवडे, दिवस, बाळंतपणाची अंदाजे तारीख. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून बाया येतात. उत्तरेकडून बालाघाटच्या येतात, देवरीच्या पुढून छत्तीसगडच्याही येतात. कुणी पोवारी बोलते, कुणी गोंडी, कुणी हिंदी-मराठी एकत्र. पुष्कळींना तारीख आठवत नाही. पण ‘मंडईच्या आदल्या दिवशी’ किंवा ‘रोवणी सुरू झाली त्या हप्त्यात’ हे पक्कं आठवतं. मी ते कॅलेंडरवर बसवते. ही सवय अंगवळणी पडली नसती, तर चेहऱ्याच्या नसेचे सीटी मी फक्त सर्जनसाठीच वाचत राहिले असते.

टेम्पोरल बोनचा, म्हणजे कानाभोवतीच्या हाडाचा सीटी आमच्याकडे तसा कमी होतो. होतो तो बहुतेक वाहणाऱ्या कानासाठी. पडद्याला भोक, आत हाड कुरतडलेलं. बाकी दिवस छातीचे फोटो, मुतखडे, सिकलसेलच्या पोरांचे खुबे, हायवेवरचे अपघात यांत जातो. जन्मजात दोषाचं मूल अधूनमधून येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, तेव्हापासून त्याची पथकं अंगणवाड्या आणि शाळा तपासत फिरतात. त्यांच्यामुळे सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यातली मुलंही आता कागद घेऊन दाखल होतात. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पण नसच पाहायची तर नाजूक एमआरआयसाठी मी अजूनही बऱ्याचदा नागपूरचं नाव लिहिते. दोन तासांची गाडी आहे, मात्र तान्ह्या बाळाला घेऊन जाणाऱ्या घरासाठी तो आख्खा दिवस आणि एक मजुरी असते.

ही नस म्हणजे सातवी मस्तिष्क-नस, फेशियल नर्व्ह. मेंदूच्या देठातून ती श्रवणाच्या आठव्या नसेच्या सोबतीनं निघते, आतल्या कानाच्या नळीत शिरते आणि तिथून एकटीच हाडाच्या बोगद्यात जाते. साधारण तीन सेंटिमीटरचा हा बोगदा. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच नसेला हाडातून इतका लांब रस्ता काढावा लागत नाही. सुरुवातीला, सर्वांत अरुंद जागी, तो मिलिमीटरभरही रुंद नसतो, जेमतेम ०.७ मिलिमीटर. मग पहिलं वळण, मधल्या कानाच्या आतल्या भिंतीवरून आडवा भाग, दुसरं वळण, आणि कानामागच्या हाडातून सरळ खाली. कानाच्या पाळीमागे बाहेर पडली की चेहऱ्यावर फाकून ती कपाळाच्या आठ्या, डोळ्याची झाप, हसू आणि ओठ यांना हुकूम देते. सोळाव्या शतकातल्या गाब्रिएले फालोप्पिओ या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव या बोगद्याला आहे. गर्भनलिकांनाही त्याचंच नाव आहे. सकाळी सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आजूबाजूला पाहायचं आणि संध्याकाळी सीटीत कानाच्या आत, दोन्हीकडे हाच माणूस भेटतो.

वाचकाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गर्भात नस आधी येते, हाड मागून. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नसेचा पुंजका दिसू लागतो. कानाचं हाड तेव्हा नसतंच. धानाच्या शेतात ओहोळ आधीचा असतो आणि बांध नंतर त्याची वाट पाहून पडतो, तसं हाड या नसेच्या कडेनं घडतं. त्यामुळे नस भलत्या वाटेनं गेली असेल, तर भोवतालचं हाडही त्या चुकीला धरूनच घट्ट होतं. मूल पाच वर्षांचं झाल्यावरही ती वाट तिथेच असते, ०.६ मिलिमीटरच्या कापांत, काळ्या-पांढऱ्यात. आणि कुठली गोष्ट कुठल्या आठवड्यात घडते हे गर्भशास्त्राला ठाऊक असल्यामुळे त्या वाटेवरून तारीख काढता येते.

एक पाच वर्षांचा मुलगा आठवतो. उजवा कान म्हणजे कातडीचा छोटा दुमडलेला तुकडा, खाली पाळीचा गोळा, भोक नाही. कानाचा हा दोष उजव्या बाजूला आणि मुलांमध्ये जरा जास्तच दिसतो. चेहरा मात्र अगदी सरळ. हसला की दोन्ही गाल सारखे वर जात. सोबत आई, बाप आणि आजी. मुलाला बेशुद्धीचं औषध द्यायची गरज पडली नाही. आमच्या टेक्निशियननं त्याला ‘स्टॅच्यू’ म्हटलं आणि पोरगं खरोखर पुतळा झालं. काही सेकंदांचं तर काम. इकडे मी काच लावलेल्या खोलीत, आणि माझ्या मागे येऊन उभी राहिलेली आई. तिला कुणी आत यायला सांगितलं नव्हतं.

‘मॅडम, ग्रहणाचं काही दिसते का जी त्यात?’ तिनं हळूच विचारलं. ‘मी त खिडकीतूनही नाही पाहिली. मले दिवसभर घरातच बसवून ठेवलं होतं.’

ते ग्रहण २१ जून २०२०चं. रविवार होता, सकाळपासून दुपारपर्यंत सूर्य खाल्लेला, पऱ्हे टाकायचे दिवस, त्यात कोरोना. मुलगा त्याच वर्षी दसऱ्याला, दिवस पूर्ण भरून जन्मला. पाच वर्षं घरात एकच वाद: ती त्या दिवशी परसदारी गेली होती की नव्हती. आजीचं म्हणणं, गेली होती. आई म्हणते, नाही. नवरा मधे गप्प.

मी पडद्याकडे वळले. बाहेरच्या कानाच्या भोकाच्या जागी जाड हाडाची पाटी. मधल्या कानाची पोकळी लहान. हातोडी आणि ऐरण ही आवाज आत पोचवणारी चिमुकली हाडं एकमेकींना चिकटून एकच गाठ झालेली, तीही त्या पाटीला टेकलेली. तिसरं हाड, रिकीब, बारीक, पण जागेवर. आणि नस? दुसऱ्या वळणापाशी ती एरवी जितकी सैल वळते त्यापेक्षा कितीतरी टोकदार वळून पुढे आणि बाहेरच्या बाजूला निघून आली होती. सर्जननं नवीन भोक पाडायला ड्रिल लावलं असतं तर ते नेमकं तिच्या वाटेत आलं असतं. सरळ चेहऱ्यामागे ही वाकडी वाट दडलेली असते. म्हणूनच चेहरा ठीक आहे, मग नस कशाला बघायची, असं या मुलांच्या बाबतीत म्हणता येत नाही. रॉबर्ट जार्सडॉर्फर नावाच्या अमेरिकन कानतज्ज्ञानं १९९२ मध्ये यासाठी दहा गुणांची परीक्षा घालून दिली. रिकिबीला दोन गुण. अंडाकृती खिडकी, गोल खिडकी, नस, पोकळी, हातोडी-ऐरणीची जोडी, ऐरण-रिकिबीचा सांधा, कानामागच्या हाडातली हवा आणि बाहेरचा कान यांना एकेक. आठ किंवा वर आले तर भोक उघडण्याचं ऑपरेशन फळण्याची आशा चांगली. हा मुलगा पाचावर थांबला.

हे सगळं सर्जनसाठी. पण आईचा प्रश्न बाकी होता, आणि त्याचं उत्तर माझ्या रोजच्या कॅलेंडरात होतं. दसरा २५ ऑक्टोबरचा. तिथून मागे गेलं तर गर्भ राहिला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. बाहेरचा कान सहा उंचवट्यांतून घडायला लागतो तो गर्भाच्या सहाव्या आठवड्यात. म्हणजे ८ ते १५ मार्च. त्या वर्षी होळी ९ मार्चला होती. रिकीब आणि नस यांच्या जागा ठरण्याचं कामही त्याच सुमारास चालतं. आठवा आठवडा संपेस्तोवर देशात टाळेबंदी लागलेली होती. ग्रहण आलं तेव्हा गर्भ वीस आठवड्यांचा होता आणि नसेची वाट केव्हाच ठरून गेली होती.

मी आजींनाच खुर्चीवर बसवलं. आईला सांगून उपयोग नव्हता, तिला खात्रीची गरज नव्हती. ‘आजी, होळी आठवते त्या सालची? लॉकडाऊनच्या आधीची?’ आठवत होती. कुणाला आठवत नाही? ‘हा कान त्या होळीच्या दिवसांत घडत होता. तिथं बिघाड झाला. ग्रहण त्याच्यानंतर तीन महिन्यांनी आलं.’ आजी पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मंग होळीत काय केलं होतं इनं?’

हा प्रश्न मला तेव्हापासून पुरता कळला आहे. आरोपी सुटला की नवा तारखेवर हजर करायचा, ही माणसाची जुनी खोड. म्हणून आता मी तारखेपाशी थांबत नाही, पुढचं वाक्यही त्याच दमात सांगते: त्या दिवसांत बाळ जेमतेम सेंटिमीटरभर असतं, आणि अशा बहुतेक मुलांत कुणाच्या वागण्याकडे बोट दाखवावं असं काही सापडत नाही. प्रामाणिकपणे एक पुस्तीही जोडते. कानाचं भोक उघडण्याचं काम मात्र सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत चालतं. नुसतं भोकच अडलं असतं आणि बाकी कान, हाडं, नस जागच्या जागी असती, तर मी इतक्या ठामपणे होळीचं नाव घेतलं नसतं. अर्थात तेव्हाही ग्रहणाचं नाव घ्यायला कारण नव्हतंच.

दुसरा आरोपी डॉक्टर. बाळ जन्मतः एका बाजूला तोंड वाकडं करून रडतं, घरात एकच कल्लोळ: लकवा मारला. इथे आधी एक गंमत सांगितली पाहिजे. रडताना एक ओठ खाली ओढला जातो आणि दुसरा जागेवर राहतो. बघणारे सगळे त्या ओढल्या गेलेल्या बाजूकडे बोट दाखवतात. ती तर धडधाकट बाजू असते. दोष असतो गप्प बसलेल्या बाजूला. अशा बाळाचं कपाळ आणि डोळा पाहायचा. दोन्ही डोळे घट्ट मिटत असतील, आठ्या दोन्हीकडे पडत असतील आणि फक्त खालचा ओठच उतरत नसेल, तर बहुधा नसेला काही झालेलं नसतं. ओठ खाली ओढणारा छोटा स्नायूच घडलेला नसतो. अशा बाळाचा मी सीटी करत नाही. कागदावर हृदयाचा इको सुचवते, कारण या ओठासोबत कधीकधी हृदयाचा दोष असतो आणि तो ओठापेक्षा कितीतरी महत्त्वाचा.

खरोखर अख्खी बाजू गेलेली असेल, डोळा मिटत नसेल, तर प्रश्न उरतो: बाळंतपणात नस दाबली गेली की मुळातच घडली नाही? नवजात बाळाच्या कानामागचं हाडाचं टोक वाढलेलं नसतं. ते दुसऱ्या वर्षापर्यंत भरून येतं. तोवर नस जिथून बाहेर पडते ती जागा अगदी कातडीखाली, उघडी. चिमट्याची पाती तिथे रुतू शकते. चिमटा लावलाच नसेल तरी लांबलेल्या कळांमध्ये आईच्या माकडहाडावरच्या त्रिकास्थीच्या उंचवट्याचा दाब तिथे बसू शकतो. पहिलं बाळंतपण, मोठं बाळ, कानामागे काळा-निळा वण, हे सगळं दिसलं तर नस दाबली गेल्याची शक्यता जास्त. आणि दाबली गेलेली नस बहुतेक बाळांत काही आठवड्यांत परत येते. उलट, वण नाही, पण सोबत कान लहान आहे, जबडा एका बाजूनं छोटा आहे, टाळू किंवा डोळ्याचाही काही दोष आहे, तर बिघाड आधीचा.

एक तान्हं बाळ असंच आलं होतं. मामा तावातावानं बोलत होता. बाळंतपण कुठे झालं, कुणी केलं, सगळं मोबाइलमध्ये लिहून आणलेलं. बाळाला पोटभर दूध पाजलं, कपड्यात घट्ट गुंडाळलं, झोपू दिलं, मग स्कॅन केला. अशा वयात झोपेचं सिरपही टाळता येतं, थोडा धीर हवा. चित्रात डावीकडचा बोगदा व्यवस्थित, रुंदी चांगली. उजवीकडे पहिल्या वळणापर्यंत तो बारीक रेघेसारखा, पुढचा भाग दिसेनासा. आतल्या कानाची नळीही त्या बाजूला अरुंद. नागपूरला एमआरआय झाला. त्या तपासणीत आतल्या कानाची नळी आडवी कापून पाहतात. पांढऱ्या पाण्यात चार काळे ठिपके दिसायला हवेत. वर-पुढे चेहऱ्याची नस, खाली-पुढे श्रवणाची, मागे तोलाच्या दोन. शिकताना आम्ही सगळे हे एका घोषवाक्यानं पाठ करतो: ‘सेव्हन अप, कोक डाउन’. सातवी वर, कॉक्लियाची खाली. या बाळाच्या उजवीकडे वरचा ठिपका नव्हता.

सीटी बोगदा दाखवतो, एमआरआय नस दाखवतो. दोन्ही मिळूनच साक्ष पुरी होते. बोगदा मुळातच बारीक असेल तर त्याचा अर्थ, त्याच्यातून कधी पुरेशी नस गेलीच नाही. चिमटा नस दाबू शकतो, हाडाचा बोगदा मागे जाऊन अरुंद करू शकत नाही. मामाला मी एवढंच सांगितलं. त्यानं मोबाइल खिशात ठेवला, पण विश्वास बसला असं वाटलं नाही. मग मी त्याला डोळ्याच्या थेंबांची गोष्ट सांगितली: ही झाप मिटणार नाही, बुबुळ कोरडं पडून फूल पडू शकतं, रोज थेंब, रात्री मलम, झोपताना झाप बंद ठेवायची, महिन्याच्या आत डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवायचं. त्यावर तो कागद मागून लिहून घ्यायला लागला. कुणावर तरी रागवायला आलेल्या माणसाला हाताला काम लागतं. ते मिळालं की राग पुष्कळदा आपोआप बाजूला होतो.

आता तिसऱ्या आरोपीचा जबाब. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत आम्ही डोकं, मणका, हृदय, पोट, हातपाय मोजतो. बाहेरचा कान दिसू शकतो, बाळानं डोकं तसं वळवलं असेल तर. एक बाजू वर असते, दुसरी खाली दबलेली. चेहऱ्याची नस तर जन्मलेल्या मुलाच्या एमआरआयमध्येही ठिपका म्हणूनच दिसते. पोटातल्या बाळाची ती नस सोनोग्राफीत शोधणं शक्य नाही. हे मी नातेवाइकांना शांतपणे सांगते. सगळेच ऐकून घेतात असं नाही, आणि त्यात त्यांचंही चुकत नाही. दाराबाहेरच्या पाट्यांवर आम्ही लोकांनी जे दाखवलं आहे, त्यावरून त्यांना मशीन सगळंच पाहतं असं वाटणारच.

तारीख नेहमी निर्दोष सोडते असं मात्र नाही. हे मला एका बाळानं शिकवलं, ज्याचा चेहरा दोन्हीकडून स्तब्ध होता. हसत नव्हतं, रडताना आवाज यायचा पण तोंडावर काही उमटत नव्हतं, दूध ओठांतून गळून जायचं. कुणी बाजूनं हाक मारली की डोळे न फिरवता अख्खी मान फिरवायचं. आजूबाजूच्या बाया म्हणायच्या, पोरगं रुसलेलं आहे. हा मोबियस सिंड्रोम. पॉल मोबियस या जर्मन डॉक्टरनं १८८८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. सहावी आणि सातवी या दोन नसा, बहुधा दोन्ही बाजूंना, काम करत नाहीत. एमआरआयमध्ये मेंदूच्या देठाच्या मागच्या भिंतीवर जिथे दोन छोटे उंचवटे दिसायला हवेत तिथे सपाट. बिघाड पहिल्या दोन महिन्यांतला.

आणि इथे एक गोष्ट वैद्यकाला ठाऊक आहे. पहिल्या तिमाहीत गर्भ पाडण्यासाठी घेतलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत आणि गर्भ वाढत राहिला, तर अशा बाळांत मोबियसचं प्रमाण जास्त आढळतं; ब्राझीलमधून १९९०च्या दशकात यावर बरंच लिहिलं गेलं. प्रत्येक मोबियसमागे गोळी असते असं मुळीच नाही. पुष्कळांत काहीच कारण सापडत नाही. पण प्रश्न विचारावा लागतो. तो बालरोगतज्ज्ञांनी, बाईला एकटीला बसवून, दार लावून विचारायचा असतो. सासू, नवरा, दीर बाहेर बाकावर असताना मी माझ्या खोलीत ‘हे पहिल्या दोन महिन्यांत झालं’ असं मोठ्यानं म्हटलं असतं, तर त्या घरात काय उलगडलं असतं कोण जाणे. दुकानातून गोळी आणून देणारा बहुतेक वेळा पुरुषच असतो, गिळणारी बाई असते, आणि बोट कुणाकडे जाणार हे ठरलेलं. त्या बाळाच्या बाबतीत त्या बंद दाराआड काय बोललं गेलं ते मला माहीत नाही, आणि मला ते कळायची गरजही नव्हती.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. ज्या तारखेनं आई सुटते ती मी सगळ्यांसमोर सांगते. ज्या तारखेनं ती अडकू शकते ती फक्त डॉक्टरांच्या पत्रात जाते. हा न्याय समान नाही, हे मला कळतं. पण जिथे खटला आधीच सुरू झालेला असतो आणि एकच आरोपी रोज हजर असतो, तिथे साक्षीदारानं कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, याचा विचार करायलाच हवा.

चेहरा सरळ, कान सुंदर, भोक उघडं, पडदा चकचकीत, आणि तरीही एका कानानं ऐकू येत नाही, अशीही मुलं असतात. शाळेतली एक मुलगी तशी आली होती; फळ्यापासून दुसऱ्या बाकावर बसायची, डावीकडून बोललेलं कळायचं नाही. सर्जनचा अंदाज होता रिकीब अडकली असेल, उघडून मोकळी करू. सीटीत आडवा भाग पाहिला तर नस आपली जागा सोडून खाली उतरलेली आणि नेमकी जिथे रिकीब टेकते ती आतल्या कानाची अंडाकृती खिडकी असायची तिथे पसरलेली. खिडकी घडलेलीच नव्हती. गर्भात नस पुढे सरकून रिकीब आणि आतल्या कानाच्या मध्ये आली, तर दोघींची गाठच पडत नाही आणि खिडकी उघडतच नाही, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. त्या मुलीचा कान कुणी उघडला असता, तर पहिल्यांदा हाताला लागली असती ती हाडाचं पांघरूण नसलेली उघडी नस. रिपोर्टमध्ये मी पहिल्याच ओळीत हे लिहिलं. ऑपरेशन रद्द झालं, श्रवणयंत्र बसलं. उघडी नस तशी दुर्मीळ नाही. धडधाकट माणसांतही आडव्या भागावरचं हाड कित्येकदा अपुरं असतं. पण खिडकीच्या जागी नस हा वेगळा प्रकार, आणि तो ऑपरेशनच्या आधी कळण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही. कॉक्लियर इम्प्लांटच्या मुलांतही हेच. चेहऱ्याची नस आणि चवीची बारीक नस यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून सर्जनला आत जायचं असतं. आतला कान बेढब असेल तर ती फट कुठे सरकली आहे, हे आधी मीच सांगायचं असतं.

इतकं सगळं सांगूनही माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांचा सीटी मी पुढे ढकलते. चार महिन्यांचं बाळ, एक कान बंद, घरचे म्हणतात, आत्ताच फोटो काढून टाका, काय आहे ते कळू द्या. आत्ता कळून काय करणार? कानाचं ऑपरेशन झालंच तर पाच-सहा वर्षांनी; हाड तोवर वाढेल, चित्र अधिक स्वच्छ येईल आणि लहानग्याच्या डोक्याला किरणांचा मारा विनाकारण बसणार नाही. चेहरा खरोखर लुळा असेल किंवा कान सारखा सुजत-वाहत असेल, तर गोष्ट वेगळी. पण ऐकण्याची तपासणी पुढे ढकलता येत नाही. जन्मापासून एका महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत बेरा, म्हणजे आवाजाला श्रवणाची नस आणि मेंदू दाद देतात का याची तपासणी, सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र किंवा उपचार सुरू, हा क्रम जगभर मान्य आहे. कानाला भोक नसलं तरी कपाळपट्टीवर बसणारं, हाडातून आवाज पोचवणारं यंत्र तान्ह्या बाळालाही लावता येतं. दोन्ही कान बंद असतील तर त्याच्याशिवाय बोलणंच उशिरा येतं.

माझे रिपोर्ट आता दोन भागांत असतात. वर इंग्रजीत सर्जनसाठी: बोगद्याचा प्रत्येक भाग, वळणाचा कोन, रिकीब, खिडकी, गुण. खाली लेटरहेडवरच हातानं दोन-तीन ओळी मराठीत, घरासाठी: दोष गर्भाच्या साधारण कुठल्या आठवड्यांतला, ग्रहणाशी आणि चिरण्या-शिवण्याशी त्याचा संबंध नाही, आणि पुढची तपासणी कुठली व कधीपर्यंत. त्या होळीच्या मुलाचा बाप काही महिन्यांनी रिपोर्टची दुसरी प्रत न्यायला आला. पहिली पंचायतीत आणि पाहुण्यांत फिरून फाटली होती. त्याला वरचा इंग्रजी भाग नको होता. खालच्याच तीन ओळींची झेरॉक्स चालेल का, असं विचारत होता. मी म्हटलं, दोन्ही ने. खालचा भाग घरात दाखव, वरचा पुढच्या वर्षी सर्जनला लागेल. आणि यंत्र घेतलं का ते विचारलं. घेतलं होतं. मुलगा पहिलीत जाऊ लागला होता, आणि बाईंनी त्याला डाव्या कानाच्या बाजूनं बसवलं होतं, असं तो सांगत होता.